शीड केव्हां आखडावें?

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथांत देवळाच्या बांधणीची हकीकत यावी, होऊन गेलेल्या विकारसाहेबांची नामावली यावी, घंटा कोणी दिली व वेदीस खर्च किती आला हें नमूद व्हावें, हें योग्यच आहे. परंतु ज्या धर्मग्रामांतील कित्येक घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरलें, त्याच्या ग्रंथांत चार पानें शिडासही मिळालीं तर तें कोणास अप्रस्तुत वाटूं नये. शिडाच्या इतिहासांतील एकच प्रश्न येथें घेतला आहे. वारा वाढत चालला असतां शीड आखडावें केव्हां? प्रश्न दिसावयास लहान आहे. कोणीही म्हणेल, वारा फार झाला म्हणजे आखडावें. पण फार झाला हें ज्या वेळीं कळतें त्या वेळीं बहुधा उशीर झालेला असतो, आणि या उशिरापायीं किती जहाजें व किती माणसें समुद्रानें घेतलीं याची गणती नाहीं.

आज आपल्या होड्यांवर यंत्रें आलीं आहेत, म्हणून शीड आखडणें म्हणजे काय तें तरुण वाचकांस प्रथम सांगितलें पाहिजे. पाश्चात्य पद्धतीच्या शिडाच्या कापडांत, तळापासून थोड्या थोड्या उंचीवर, आखूड दोऱ्यांच्या आडव्या ओळी लाविलेल्या असतात. वारा वाढला म्हणजे शीड थोडें खालीं घ्यावयाचें, सैल झालेला खालचा पट्टा गुंडाळावयाचा आणि त्या दोऱ्यांनीं तो आवळून बांधून टाकावयाचा. एक ओळ बांधली कीं शीड थोडें लहान झालें, दुसरी बांधली कीं आणखी लहान. आपल्या किनाऱ्यावरील मचव्यांच्या व अरबांच्या तारवांच्या तिरप्या वाशाच्या शिडास अशा दोऱ्या बहुधा नसत. तेथें वासाच खालीं उतरवून मोठें शीड सोडावयाचें आणि लहान शीड बांधून वासा पुन्हां चढवावयाचा, अशी रीत होती. हें काम अधिक जड, आणि तें चालू असतां गलबत जवळजवळ निराधार असावयाचें. म्हणून आपल्या तांडेलास पाश्चात्य नाविकापेक्षांही आधीं ठरवावें लागे.

निर्णय कठीण होतो तो वाऱ्याच्या स्वभावामुळें. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरील त्याचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं १० समुद्री मैलांचा वारा १४ मैलांवर गेला, तर उभ्या असलेल्या माणसास फारसा फरक जाणवत नाहीं. पण शिडावरील भार तेवढ्यांत दुप्पट झालेला असतो. याहूनही फसवा प्रकार पाठच्या वाऱ्याचा. समजा, वारा ताशीं २० मैलांचा आहे आणि गलबत त्याच्या पुढें ताशीं ६ मैलांनीं धांवत आहे. गलबतावरील माणसाच्या मानेस लागतो तो केवळ १४ मैलांचा वारा. लाटा मागून येतात, गलबत डौलानें चालतें, सारें कसें सुखाचें असतें! मग पुढें दिसलेला खडक चुकविण्यासाठीं किंवा पाण्यांत पडलेल्या सोबत्यासाठीं तोंड वाऱ्याकडे फिरवावें लागलें, कीं तोच वारा २४ मैलांचा होऊन अंगावर येतो आणि शिडावरील दाब पाहतां पाहतां जवळजवळ तिप्पट होतो. वारा मुळींच वाढलेला नसतो. तो जेवढा होता तेवढा आतां कळूं लागतो, इतकेंच.

या फसवणुकीची एक फार जुनी व सविस्तर हकीकत आपणां ख्रिस्ती लोकांच्या घरोघरीं आहे, परंतु तिच्याकडे नाविकाच्या दृष्टीनें आपण क्वचितच पाहतों. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायांत संत पौलाच्या रोमच्या प्रवासाचें वर्णन आहे. इसवी सनाच्या ६० च्या सुमारास, बंदिवान म्हणून, तो आलेक्सांद्रियाच्या एका जहाजावर होता व जहाजांत गहूं भरलेला होता. तें क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘सुंदर बंदर’ नांवाच्या ठिकाणीं येऊन थांबलें. यहुद्यांच्या प्रायश्चित्ताचा उपास होऊन गेला होता, म्हणजे शरद ऋतु लागला होता. रोमी लोक ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र बंद मानीत, आणि त्यापूर्वीचे कांहीं आठवडेही धोक्याचे समजत. पुढें जाण्यांत जहाजाची व जिवांची हानि आहे, असा इशारा पौलानें दिला. शताधिपतीनें त्याच्यापेक्षां तांडेलाचें व जहाजाच्या मालकाचें ऐकलें. त्याला नांवें ठेवणें सोपें आहे. पण तंबू शिवणाऱ्या बंदिवानापेक्षां समुद्रावर आयुष्य घालविलेल्या माणसांचें ऐकावें, हें त्या वेळीं कोणासही शहाणपणाचेंच वाटलें असतें. पौलाच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं समुद्र त्यालाही नवा नव्हता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत आपलें जहाज तीनदां फुटल्याचें तो सांगतो, आणि तें पत्र या प्रवासाच्या आधींचें आहे.

मग दक्षिणेचा मंद वारा सुटला. हाच तो क्षण. फेनिके नांवाचें अधिक सोयीचें बंदर एका दिवसाच्या आंतल्या वाटेवर होतें, वारा अनुकूल होता, आकाश मोकळें होतें. त्यांनीं नांगर उचलला व किनाऱ्याकिनाऱ्यानें ते निघाले. लागलीच क्रेतच्या डोंगरांवरून ईशान्येचें तुफान खालीं कोसळलें. वाचक हो, येथें एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. क्लौदा नांवाच्या लहान बेटाच्या आडोशास आल्यावर खलाशांनीं जहाजाची लहान होडी मोठ्या कष्टानें वर ओढून घेतली, असें वचन सांगतें. याचा अर्थ असा कीं तोंवर ती होडी मागें दोरीस बांधलेली पाण्यांतच होती. हिंवाळ्याच्या तोंडावर, डोंगराळ किनाऱ्याजवळून जातांना, लहान होडी आंत घेण्याचेंही कोणास सुचलें नव्हतें, कारण वारा मंद होता. वस्तुतः त्यांच्यापाशीं साधन चांगलें होतें. रोमी जहाजाच्या चौकोनी शिडाच्या अंगास कड्या शिवलेल्या असत व त्यांतून ओवलेल्या दोऱ्या खालीं आणलेल्या असत. त्या ओढल्या कीं शीड पडद्याप्रमाणें वर गोळा होई. वर चढण्याची गरज नसे. उणीव साधनाची नव्हती, वेळेची होती.

त्यानंतर मात्र त्या खलाशांनीं जें केलें तें उत्तम केलें. जहाजाभोंवतीं दोरखंड आवळले, शिडाचें सामान उतरविलें, तिसऱ्या दिवशीं जड साहित्य समुद्रांत टाकलें. जेम्स स्मिथ नांवाच्या स्कॉटलंडच्या एका गृहस्थानें, जो स्वतः हौसेनें गलबत चालवीत असे, १८४४-४५ चा हिंवाळा माल्टा येथें काढून या प्रवासाचा अभ्यास केला व १८४८ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें कीं सर्वच शीड उतरवून जहाज वाऱ्याबरोबर सोडलें असतें, तर तें आफ्रिकेच्या सुर्तीच्या वाळूंत रुतलें असतें, आणि त्याच वाळूची खलाशांना भीति होती. म्हणून त्यांनीं अगदीं थोडें शीड ठेवून तोंड वाऱ्याच्या जवळ धरलें असलें पाहिजे. असें जहाज ताशीं दीड मैलाच्या सुमारानें, म्हणजे दिवसास ३६ मैल, आडवें वाहत जातें. क्लौदापासून माल्टापर्यंतचें अंतर ४७६ मैलांच्या आसपास. भागाकार केला तर १३ दिवसांहून थोडें अधिक येतें. आणि शास्त्रवचन सांगतें कीं चौदाव्या रात्रीं खलाशांना जमीन जवळ आल्याचा भास झाला. एका हौशी नाविकाच्या गणितानें पवित्र लेखकाचा शब्द असा पडताळून निघावा, हें वाचतांना आजही मन थक्क होतें. जहाज फुटलें, पण २७६ माणसांपैकीं एकही दगावला नाहीं.

मध्ययुगाच्या शेवटीं स्पेन व पोर्तुगालच्या खलाशांची रीत निराळी होती. त्यांच्या मोठ्या शिडाच्या खालच्या कडेस कापडाचा एक वेगळा पट्टा दोरीनें ओवून जोडलेला असे. वारा वाढला कीं पट्टा सोडवून काढावयाचा. १४९३ च्या फेब्रुवारींत कोलंबस ‘नीन्या’ या लहान गलबतांतून परत येत असतां असोर्स बेटांजवळ त्याला भयंकर वादळानें गांठलें. बरोबरचें ‘पिंटा’ गलबत १४ फेब्रुवारीच्या रात्रीं दिसेनासें झालें. कोलंबसानें पट्टा काढलेलें मोठें शीड अगदीं खालीं, केवळ लाटांच्या पुढें सरकण्यापुरतें ठेविलें होतें. मग सर्वांनीं ग्वादालूपे येथील मातेस नवस केला. जितकीं माणसें तितके हरभरे एका टोपींत घातले व त्यांपैकीं एकावर सुरीनें क्रूस कोरला. ज्याच्या हातीं तो येईल त्यानें ५ पौंडांची मेणबत्ती घेऊन यात्रेस जावयाचें. पहिला हात कोलंबसानें घातला आणि क्रुसाचा हरभरा त्याच्याच हातीं आला. याशिवाय, पहिल्या भूमीवर पाय लागतांच सर्वांनीं केवळ सदऱ्यानिशीं पवित्र मातेच्या देवळास जावें, असाही नवस झाला. सान्ता मारिया बेटावर निम्मे खलाशी तो फेडावयास गेले, तेव्हां तेथील पोर्तुगीजांनीं त्यांना प्रार्थनेंतच पकडलें, ही गोष्ट निराळी. लक्षांत ठेवण्याजोगें हें कीं शीड आधीं उतरलें होतें, हरभरे मागाहून निघाले.

‘पिंटा’ही त्या वादळांतून वांचलें व स्पेनास पोहोंचलें. त्याच्या सुकाणूवरील एक माणूस चारशें वर्षांनीं, त्याच बेटांच्या समुद्रांत, पुन्हां एका गलबतावर दिसल्याची लेखी साक्ष आहे. ती साक्ष देणारा म्हणजे कप्तान जोशुआ स्लोकम. शीड आखडण्याच्या प्रश्नावर त्याच्याइतका अनुभव फार थोड्यांस आला असेल, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों.

स्लोकमचा जन्म १८४४ सालीं नोव्हा स्कोशियांत झाला. तो मोठमोठ्या शिडांच्या जहाजांचा कप्तान होता; पण वाफेच्या आगबोटी आल्या आणि त्याची विद्या जुनी ठरली. १८९२ सालीं एका ओळखीच्या वृद्ध कप्तानानें मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन गांवीं शेतांत पडलेलें एक कुजकें जुनें गलबत त्याला देऊन टाकलें. गांवाच्या नांवाचा अर्थ सुंदर बंदर असाच होतो. क्रेतच्या त्या बंदराशीं हा निव्वळ योगायोग. स्लोकमनें १३ महिने खपून त्याची एकेक फळी बदलली. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. ‘स्प्रे’ हें त्या गलबताचें नांव. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. म्हणजे आपल्या मचव्यापेक्षां कांहीं मोठें नव्हे. २४ एप्रिल १८९५ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, तो त्यांत बसून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला.

२० जुलैला तो असोर्सपैकीं फायाल बेटावरील होर्ता बंदरांत आला. तेथील लोकांनीं त्याला फळांनीं भरून टाकलें. २४ तारखेस तो निघाला तेव्हां त्याच्यापाशीं भरपूर आलुबुखार व शेजारच्या पिको बेटाचें पांढरें चीज होतें. दोन्ही त्यानें पोटभर खाल्लीं आणि रात्रीपर्यंत पोटांत असह्य कळा सुरू झाल्या. वारा वाढत होता, नैर्ऋत्येस आभाळ दाटलें होतें. कळा थांबत तेवढ्या अवकाशांत त्यानें मोठें शीड खालीं घेतलें व दोन्ही ओळींच्या दोऱ्या एकेक करून बांधल्या. येथवर ठीक. भोंवतीं मोकळा समुद्र होता. आतां शीड पुरतें आवरून, गलबत वाऱ्याशीं तोंड करून थोपवावें व आंत जाऊन पडावें, हेंच योग्य होतें, असें तो स्वतःच लिहितो. पण त्यानें तसें केलें नाहीं. आखडलेलें मोठें शीड आणि न आखडलेलें पुढचें तिकोनी शीड वर चढवून, सुकाणू बांधून, तो खोलींत जाऊन जमिनीवर पडला.

असें त्यानें कां केलें, याचें कारण तो देत नाहीं. माझ्या मतें कारण उघड आहे: पोट दुखत होतें. शीड वेळेवर न आखडणाऱ्यांत अजाण माणसें थोडीं असतात. बहुतेक जाणतेच असतात, परंतु ते थकलेले, भिजलेले, भुकेले किंवा आजारी असतात. बंदर जवळ आलेलें असतें. आणखी पाव तासाचें काम अंगावर घेण्यापेक्षां एवढें निभेल असें म्हणणें सोपें जातें. ज्यानें निर्णय करावयाचा त्यालाच दोऱ्या ओढावयाच्या असतात, आणि थकलेलें शरीर मनाला हवा तो सल्ला देत असतें.

स्लोकम शुद्धीवर आला तेव्हां समुद्र खवळला होता. त्यानें खोलींतून पाहिलें तर सुकाणूवर एक उंच परदेशी खलाशी उभा, डोक्यास डाव्या कानावर कललेली तांबडी टोपी, काळे दाट कल्ले. तो नम्रपणें म्हणाला कीं मी कोलंबसाच्या ताफ्यांतला, ‘पिंटा’चा सुकाणूवाला, तुमच्या मदतीस आलों आहें. आलुबुखारावर चीज खाल्लें हें चुकलें, असेंही त्यानें सुनावलें. सकाळीं स्लोकमनें पाहिलें तों डेकवरचें बांधून न ठेवलेलें सारें सामान वाहून गेलें होतें, परंतु गलबत आपल्या मार्गावर बिनचूक होतें व रात्रींत ९० मैल चाललें होतें. पुढचें शीड त्या तुफानांतही पूर्ण उभें होतें. त्या म्हाताऱ्या सुकाणूवाल्याचे स्लोकमनें आभार मानले. फक्त त्यानें पुढचें शीड कां बरें उतरविलें नाहीं, याचें त्याला थोडें नवल वाटलें. या दर्शनाविषयीं धर्मगुरूंनीं काय म्हणावें तें म्हणावें. नाविकाची समजूत अशी कीं ‘स्प्रे’ सुकाणू बांधून ठेविलें असतां स्वतःच मार्ग धरून चालणारें गलबत होतें, आणि त्या रात्रीं मोठ्या शिडाच्या दोन ओळी बांधलेल्या होत्या म्हणूनच पुढच्या शिडाचा अपराध पोटांत घातला गेला.

यानंतर एका महिन्यांत दुसरी परीक्षा आली. जिब्राल्टरहून भूमध्य समुद्र व सुएझमार्गें जाण्याचा त्याचा विचार होता, परंतु तेथील आरमारी अधिकाऱ्यांनीं चांच्यांचें भय सांगितलें, म्हणून तो २५ ऑगस्ट रोजीं उलट पश्चिमेस निघाला. चांच्यांनीं त्याला तिकडेही गांठलें. मोरोक्कोच्या किनाऱ्याकडून एक शिडाचें लांब गलबत त्याच्या मागें लागलें. ‘स्प्रे’ सर्व शिडें उभारून धांवत होतें, तरी अंतर कमी होत चाललें. अशा वेळीं कोणीही काय करील? असेल नसेल तें कापड वर चढवील. स्लोकमनें गलबताची चाल पाहिली. तें डावीकडे उजवीकडे भरकटत होतें, शीड त्याला पेलत नव्हतें. मागें चांचे असोत वा नसोत, शीड आखडलें नाहीं तर डोलकाठी जाणार आणि सारेंच जाणार, हें त्यानें ओळखलें. आणि वेळ आलीच तर हातघाईस येऊं, पण शीड आखडावयाचेंच, असा निश्चय केला.

त्याला सुमारें १५ मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळांत चांचे इतके जवळ आले कीं त्यांच्या डोक्यांवरील केसांच्या शेंड्या दिसूं लागल्या. तितक्यांत एक प्रचंड लाट आली. ‘स्प्रे’ तिच्यांत मुळापासून हादरलें आणि शिडाचा तळचा वासा मोडला. स्लोकमनें धांवत जाऊन पुढचें शीड खालीं घेतलें, फडफडणारें मोठें शीड आवरलें व बंदूक आणावयास खोलींत गेला. परत येऊन पाहतो तों चांच्यांच्या गलबतास डोलकाठीच उरली नव्हती! तीच लाट त्यांच्यावरही आली होती, आणि त्यांचीं शिडें पूर्ण उभीं होतीं. दहाबारा जण पाण्यांत लोंबकळणारें शीड व दोऱ्या गोळा करण्याची धडपड करीत होते. एकच वारा, एकच लाट, दोन गलबतें. ‘स्प्रे’चा वासा मोडला तो शीड आखडलेलें असतांना, पूर्ण शीड असतें तर काय झालें असतें हें मागें पाहतांच कळत होतें.

पुढें ब्यूनॉस आयरेस येथें त्यानें एक गोष्ट केली तिच्याकडे चरित्रकारांचें फारसें लक्ष जात नाहीं, पण आपल्या विषयांत ती फार महत्त्वाची आहे. त्यानें डोलकाठीच ७ फुटांनीं कापून आखूड केली आणि नाळेवरून पुढें आलेला वासाही सुमारें ५ फुटांनीं कमी केला. पुढें दक्षिण अमेरिकेचें टोंक होतें. तेथें वारा आल्यावर किती शीड ठेवावें याचा विचार करण्यापेक्षां, कांहीं शीड बंदरांतच सोडून द्यावें, असा हा हिशेब. पातागोनियाच्या किनाऱ्यालगत एक अजस्र लाट दुरून येतांना दिसली, तेव्हां शिडें खालीं घेण्यास त्याला वेळ मिळाला. तो दोरीवरून वर चढून बसला, आणि क्षणभर ‘स्प्रे’चें सारें अंग पाण्याखालीं गेलें. मग तें पुन्हां वर आलें. मार्च १८९६ च्या आरंभीं मॅजेलनच्या सामुद्रधुनींतून बाहेर पडतांच वायव्येच्या तुफानानें त्याला गांठलें. त्यानें डोलकाठी उघडी ठेविली व दोन लांब दोरखंड मागें सोडून गलबत पळूं दिलें. मोठ्या शिडाच्या चिंध्या झाल्या. तरीही २७ जून १८९८ रोजीं, ४६,००० मैलांहून अधिक प्रवास करून, तो न्यूपोर्ट बंदरांत परत आला. पृथ्वीभोंवतीं एकट्यानें शिडाच्या गलबतांतून जाणारा तो पहिला मनुष्य. १९०९ सालीं त्याच ‘स्प्रे’मधून तो पुन्हां एकटा निघाला आणि परत आला नाहीं.

ज्या वर्षीं स्लोकम परतला त्याच १८९८ सालीं ‘पेन द्युइक’ नांवाची एक नौका बांधली गेली. पुढें ती एरिक ताबार्ली या फ्रेंच नाविकाच्या वडिलांकडे व मग त्याच्याकडे आली. १९६४ व १९७६ या दोन्ही सालीं अटलांटिकच्या एकट्यानें करावयाच्या शर्यती जिंकणारा हा पुरुष फ्रान्समध्यें घरोघरीं माहीत होता. नौकेची शंभरी साजरी करण्यासाठीं तो स्कॉटलंडकडे जात असतां १९९८ च्या जून महिन्यांत, १२ व १३ तारखांमधील रात्रीं, वेल्सच्या किनाऱ्याबाहेर वारा वाढला. शीड कमी करण्याचें काम चालू असतां शिडाच्या माथ्याचा जड वासा हेलकावला व त्याला लागून तो समुद्रांत फेंकला गेला. अंगावर तरंगण्याचा पट्टा नव्हता, नौकेशीं बांधलेली दोरी नव्हती. कांहीं आठवड्यांनीं एका मासेमारी बोटीच्या जाळ्यांत त्याचा देह आला. आपल्यांपैकीं ज्यांनीं जाळें ओढलें आहे त्यांना या वाक्याचें वजन सांगावयास नको. शीड आखडणें हें वादळापासून वांचण्याचें साधन खरें. पण तें कामही हालत्या डेकवर, जड वाशाखालीं, बहुधा अंधारांत करावें लागतें. जितका उशीर तितकें तें अधिक धोक्याचें. पाश्चात्य नाविकांत जुनें बोलणें आहे कीं आतां आखडावें काय, असें मनांत आलें कीं तीच आखडण्याची वेळ. त्यांत वाऱ्याची मोजणी मुळींच नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर हा निर्णय एकट्या तांडेलावर सोडलेला नव्हता. मृग लागण्यापूर्वीं होड्या वर ओढावयाच्या, झांपांनीं शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हां लोटावयाच्या, हा नेम सर्वांचा, हिंदु असोत वा ख्रिस्ती. जूनच्या पहिल्या आठवड्यांत समुद्र कधीं कधीं तळ्यासारखा असे, मासळी दिसे, हातांत पैसा नसे; तरी होडी वरच. रोमी लोकांची ११ नोव्हेंबर जशी, तसा आपला मृग. शीड उतरविण्याचा दिवस पंचांगांत ठरलेला होता, आणि त्या दिवशीं वारा मंद आहे कीं नाहीं हें कोणी विचारीत नसे. आज सरकारी नियमानें १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद असते, ती याच समजुतीची कायदेशीर आवृत्ति होय.

शिडाची विद्या आपल्याकडून पुरती गेली असेंही नाहीं. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फूट लांबीची ‘म्हादेई’ नांवाची नौका बांधली गेली व २००९ च्या फेब्रुवारींत ती भारतीय आरमाराच्या हवालीं झाली. त्याच वर्षीं १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तींतून मुंबईहून एकटेच निघाले. पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेंत ते चार ठिकाणीं थांबले: ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाउन. शिडांच्या बळावर एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मे २०१० मध्यें ‘म्हादेई’ मुंबईस परत आली. मृग तेव्हां अजून लागावयाचा होता.